कळीचा चुना, युरिया आणि गुऱ्हाळ: रासायनिक उष्णता घरी कशी मोजावी

दहावीच्या विज्ञानाच्या पहिल्याच पाठात कळीच्या चुन्यावर पाणी ओतायची कृती आहे. भांडं हाताला गरम लागलं, एवढं लिहून बहुतेक वह्या पुढच्या पानावर जातात. किती गरम, कशामुळे गरम, आणि ही उष्णता आली कुठून, हे प्रश्न तिथेच राहतात. पुढे मराठी माध्यमातून एसएसएलसी, म्हणजे कर्नाटकातली दहावी, झालेली मुलं पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, सायन्स घेतात, पहिल्याच वर्षी थर्मोडायनॅमिक्स, म्हणजे उष्णता आणि ऊर्जेचं शास्त्र, इंग्रजीतून समोर येतं, आणि शेतात, गुऱ्हाळात, उद्यमबागेतल्या फाउंड्रीत रोज दिसणारी गोष्ट वहीत नुसती चिन्हं होऊन बसते. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या अशा मुलांसाठी आणि त्यांना शिकवणाऱ्यांसाठी हे लिहितोय. प्रयोगशाळा नसली तरी चालेल. तापमापक, वजनकाटा आणि वही मात्र हवीच, कारण उष्णता मोजल्याशिवाय कळत नाही.

आधी दोन गोष्टी पक्क्या करा

पहिली, तापमान वेगळं आणि उष्णता वेगळी. पेलाभर उकळतं पाणी आणि घागरभर उकळतं पाणी यांचं तापमान एकच, पण घागरीतली उष्णता कितीतरी जास्त. तापमापक फक्त तापमान दाखवतो. उष्णता आपल्याला हिशेबाने काढावी लागते:

उष्णता = वस्तुमान × विशिष्ट उष्माधारकता × तापमानातला फरक

१ ग्रॅम पाणी १ अंश सेल्सिअसने तापवायला ४.१८ ज्यूल लागतात, हीच पाण्याची विशिष्ट उष्माधारकता. आजच्या सगळ्या प्रयोगांत हाच आकडा लागणार आहे.

दुसरी गोष्ट बंधांची. रेणूतला बंध तोडायला ऊर्जा घालावी लागते आणि नवा बंध जुळला की ऊर्जा बाहेर पडते. 'बंध तुटला की ऊर्जा मिळते' हे वाक्य शिकवणीत सर्रास ऐकू येतं आणि ते साफ चुकीचं आहे. हायड्रोजन जळतो तेव्हाचा हिशेब करून बघा. हायड्रोजनचे दोन मोल आणि ऑक्सिजनचा एक मोल घ्या (मोल म्हणजे रेणू मोजायचं ठरलेलं माप, डझनासारखं पण प्रचंड मोठं). हायड्रोजनचा बंध तोडायला मोलमागे ४३६ किलोज्यूल, म्हणजे दोघांचे ८७२. ऑक्सिजनचा तोडायला ४९८. एकूण खर्च १३७०. पाण्याच्या दोन मोलांत ऑक्सिजन आणि हायड्रोजन यांच्यातले बंध चार, प्रत्येकी सुमारे ४६३, म्हणजे मिळकत १८५२. फरक ४८२ किलोज्यूल बाहेर पडला. पाण्याच्या वाफेच्या एका मोलमागे साधारण २४१. जुळताना मिळालेली ऊर्जा तोडायच्या खर्चापेक्षा जास्त, म्हणून ही अभिक्रिया उष्मादायी. उलटं असेल तर उष्माग्राही. पीयूसीच्या पुस्तकात यांनाच एक्झोथर्मिक आणि एंडोथर्मिक म्हणतात.

चिन्हाचा गोंधळ इथेच मिटवा. तापमापक पाण्यात असतो. अभिक्रियेने उष्णता दिली की पाणी तापतं, पण अभिक्रियेच्या खात्यातून तेवढी ऊर्जा गेलेली असते. म्हणून पाण्याचं तापमान वाढलं की एन्थाल्पीतला, म्हणजे अभिक्रियेच्या उष्णतेच्या खात्यातला बदल (डेल्टा एच) ऋण. पाणी गार झालं की धन. परीक्षेत जाणारे निम्मे गुण मला वाटतं याच ठिकाणी जातात.

पायरी १: सामान जमवा

काचेचा प्रयोगशाळेतला तापमापक हवा, उणे १० ते ११० अंशांचा, लाल द्रवाचा. ताप बघायचा तापमापक अजिबात वापरू नका. तो ३५ ते ४२ अंशांपुरताच असतो, गरम पाण्यात फुटेल, आणि जुना असला तर पारा सांडेल. वजनासाठी ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा काटा घ्या. १ ग्रॅमचा स्वयंपाकघरातला काटा युरियाला चालेल, व्हिनेगरच्या प्रयोगाला चालणार नाही.

भांडं म्हणून चहाचे दोन जाड कागदी कप एकात एक बसवा, भोवती जुना टॉवेल गुंडाळा आणि ते एखाद्या तांब्यात उभे करा म्हणजे कलंडणार नाहीत. वर पुठ्ठ्याचं झाकण, त्याला तापमापकापुरतं भोक. ॲल्युमिनियमचं पातेलं चुन्यासाठी वापरायचं नाही. चुन्याचं पाणी ॲल्युमिनियमला खातं आणि त्यातून हायड्रोजन वायू सुटतो.

बाकी सामान असं: युरिया घरात शेती असेल तर असतोच. कळीचा चुना रंगाच्या किंवा बांधकामाच्या सामानाच्या दुकानात मिळतो. दुकानदार कन्नड बोलणारा असेल तर 'सुट्ट सुण्ण' म्हणा, म्हणजे भट्टीतून निघालेला, पाणी न लागलेला चुना मिळेल. नुसतं 'सुण्ण' म्हटलंत तर भिजवलेला चुना हातात पडायची शक्यता जास्त. व्हिनेगर किराणा दुकानात मिळतं, बाटलीवर ४ टक्के लिहिलेलं बघून घ्या. तंबाखूबरोबर मळायच्या डबीतला चुना मात्र इथे उपयोगाचा नाही. तो आधीच विझलेला, म्हणजे पाण्याशी जुळून झालेला असतो, त्याची उष्णता केव्हाच निघून गेली आहे.

आणि एक गोष्ट सामानात सगळ्यात वर: डोळे पूर्ण झाकणारा चष्मा. वेल्डिंग-ग्राइंडिंगवाले वापरतात तसला पारदर्शक गॉगल चालेल. तो नसेल तर चुन्याचा प्रयोग करू नका.

पायरी २: तापमापक खरं सांगतो का?

बर्फ कुटून थोड्या पाण्यात घाला, ढवळत राहा आणि तापमापक त्यात धरा. ० यायला हवं. मग उकळत्या पाण्यात धरा. इथे पुष्कळजण तापमापक बिघडला समजून बदलून आणतात, कारण १०० येतच नाही. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटर उंचीवर आहे. हवेचा दाब कमी असल्याने इथे पाणी सुमारे साडेसत्त्याण्णव अंशांनाच उकळतं. निपाणी थोडी खाली आहे म्हणून तिथे किंचित जास्त. बेळगावात ९७ ते ९८ च्या मध्ये आकडा आला तर तुमचा तापमापक चांगला आहे. ० च्या जागी १ आणि साडेसत्त्याण्णवच्या जागी साडेअठ्ठ्याण्णव दाखवत असेल तरीही हरकत नाही, कारण आपल्याला दोन तापमानांतला फरक हवा आहे, आणि तो बरोबरच येईल.

पायरी ३: कप किती उष्णता खातो?

ही पायरी पुस्तकात नसते आणि घाईत गाळली जाते. पण घरचे आकडे चुकतात ते बहुधा हिच्यामुळेच.

कपात ५० मिली साधं पाणी घ्या, समजा २५ अंशांचं. दुसऱ्या भांड्यात ५५ अंशांचं ५० मिली पाणी. दोन्ही तापमानं लिहा, गरम पाणी कपात ओता, झाकण लावून हलवा. दोन्ही सारखी असल्याने मधलं तापमान, म्हणजे ४० यायला हवं. प्रत्यक्षात समजा ३९ आलं. गरम पाण्याने १६ अंश सोडले, म्हणजे ५० × ४.१८ × १६ = ३३४४ ज्यूल. गार पाण्याने १४ अंश घेतले, म्हणजे २९२६ ज्यूल. मधले ४१८ ज्यूल कप, तापमापक आणि टॉवेलने घेतले, तेही १४ अंशांनी तापताना. म्हणजे दर अंशाला सुमारे ३० ज्यूल. ही तुमच्या कपाची उष्माधारकता. तुमचा आकडा वेगळा येईल, तो वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. यापुढे १०० ग्रॅम पाणी घेतलं की एक अंशाचा अर्थ ४१८ अधिक ३०, म्हणजे ४४८ ज्यूल.

पायरी ४: युरिया, म्हणजे गारव्याचा हिशेब

फवारणीसाठी पिंपात युरिया कालवणाऱ्या कुणालाही विचारा, पाणी बघता बघता गार पडतं. पिंपाला बाहेरून घाम सुटतो. सुरुवातीला हाच प्रयोग करा, कारण यात भाजायची भीती नाही.

१०० ग्रॅम पाणी कपात घेऊन दोन मिनिटं थांबा आणि तापमान लिहा. २० ग्रॅम युरिया एकदम घाला, झाकण लावा, लाकडी काडीने ढवळा. दाणे विरघळेपर्यंत पारा खाली जात राहील. सगळ्यात कमी आकडा लिहा. आपल्याकडचा युरिया निंबोळी तेलाचं आवरण दिलेला असतो, म्हणून पाणी थोडं गढूळ दिसेल आणि वास येईल. आकड्यावर त्याचा परिणाम होत नाही.

समजा २६ वरून १६ अंश झालं. युरियाच्या एका मोलचं वस्तुमान ६० ग्रॅम, म्हणजे २० ग्रॅम हा मोलचा तिसरा हिस्सा. फक्त पाण्याचं वस्तुमान धरलं तर ४४८ × १० = ४४८० ज्यूल, मोलमागे साधारण १३.४ किलोज्यूल. सगळ्या द्रावणाचं, म्हणजे १२० ग्रॅमचं धरलं तर ५३२ × १० = ५३२० ज्यूल, मोलमागे जवळपास १६. पुस्तकातला आकडा १५ च्या आसपास आहे, दोन्हींच्या मधे. कारण सरळ आहे. युरियाचं द्रावण पाण्यापेक्षा जड असलं तरी दर ग्रॅमला पाण्याइतकी उष्णता घेत नाही. पहिला हिशेब कमी धरतो, दुसरा जास्त. वहीत दोन्ही उत्तरं लिहा. एकच 'बरोबर' उत्तर लिहून मोकळं होण्यापेक्षा खरा आकडा कोणत्या दोन आकड्यांच्या मधे आहे हे सांगता येणं हे जास्त चांगलं विज्ञान आहे.

काटेकोरपणे विरघळणं ही भौतिक क्रिया धरतात, रासायनिक नाही. हिशेबाची रीत तीच असल्यामुळे शिकायला ती चालते. इथे युरियाच्या स्फटिकातले रेणू एकमेकांपासून सोडवायला जी ऊर्जा लागते ती पाण्याशी जुळताना पूर्ण भरून निघत नाही, म्हणून तूट पाण्याकडून घेतली जाते. ऊर्जेची तूट असूनही युरिया आपोआप का विरघळतो, याचं उत्तर एन्ट्रॉपीत आहे: विखुरल्यावर रेणूंना राहायचे मार्ग कितीतरी पटींनी वाढतात. तो धडा पुढे येईलच.

कल्हईवाले वापरतात तो नवसागरही (अमोनियम क्लोराइड) असाच पाणी गार करतो, मोलमागे साधारण १५ किलोज्यूल, आणि त्याचा मोल साडेत्रेपन्न ग्रॅमचा. हवं तर तोही मोजा. पण नवसागर आणि चुना कधीही एकत्र करू नका. त्यातून अमोनिया वायू सुटतो, तो घसा आणि डोळे जाळतो. एका प्रयोगाचा कप दुसऱ्याला वापरायचा नाही, तो याच कारणासाठी.

पायरी ५: कळीचा चुना

मोठं माणूस बरोबर असल्याशिवाय हा प्रयोग करू नका. चुना डोळ्यात गेला तर काळं बुबुळ भाजतं आणि दृष्टी कायमची जाऊ शकते. गेलाच तर लगेच वाहत्या स्वच्छ पाण्याखाली पापणी उघडी धरून किमान पंधरा-वीस मिनिटं धुवायचं, चुन्याचे कण दिसले तर धुताना काढायचे आणि तसंच डोळ्याच्या डॉक्टरकडे जायचं. लिंबू, व्हिनेगर, दूध, तूप, काहीही घालायचं नाही. चुना बाटलीत घालून झाकण लावणं हा खेळ नव्हे. वाफेचा दाब वाढून बाटली फुटते आणि आतला उकळता चुना थेट तोंडावर येतो.

आता नियम: नेहमी पाण्यात चुना घालायचा, चुन्याच्या ढिगावर पाणी नाही. ढिगावर थोडंच पाणी पडलं की ते तिथेच उकळून उडतं. भरपूर पाण्यात थोडा चुना गेला की उष्णता पसरते.

चुन्याचा खडा जाड कापडात गुंडाळून बाहेरून हळूच ठेचा, तोंडाला मास्क, हातात मोजे. ५ ग्रॅम पूड मोजून घ्या. कपात १०० ग्रॅम पाणी, तापमान लिहा. पूड घाला, ढवळा, झाकण लावा आणि दर अर्ध्या मिनिटाला तापमान लिहा. चुना युरियासारखा झटपट काम उरकत नाही. पूड जाड असेल तर पाच-सात मिनिटंही लागतात, आणि तेवढ्यात कप थोडी उष्णता बाहेर सोडत असतो. म्हणून आलेख काढा. आडव्या अक्षावर वेळ, उभ्यावर तापमान. सर्वोच्च बिंदूनंतर रेषा हळूहळू उतरते. ती उतरती रेषा पट्टीने मागे, चुना घातला त्या क्षणापर्यंत वाढवा. तिथे येणारं तापमान हे 'उष्णता गळलीच नसती तर' आलं असतं ते. हिशेबात तेच घ्या.

कॅल्शियम ऑक्साइड पाण्याशी जुळून कॅल्शियम हायड्रॉक्साइड होताना मोलमागे साधारण ६५ किलोज्यूल बाहेर पडतात. मोल ५६ ग्रॅमचा, म्हणजे ग्रॅममागे १.१६ किलोज्यूल. ५ ग्रॅम शुद्ध, ताजा चुना असेल तर ५.८ किलोज्यूल, आणि ४४८ ने भागलं तर जवळपास १३ अंशांची वाढ.

तुमच्याकडे १३ येणार नाहीत. समजा ८ आले. प्रयोग फसला असं लिहू नका, कारण या ८ अंशांनी एक उपयोगी गोष्ट सांगितली: त्या चुन्यात साधारण ६० टक्केच जिवंत चुना आहे. उरलेला भाग भट्टीत नीट न भाजलेला चुनखडी असेल, माती असेल, किंवा हवेतली ओल आणि कार्बन डायऑक्साइड घेऊन आधीच विझलेला असेल. जांबोटी-कणकुंबीकडच्या पावसाळ्यात उघड्या पोत्यातला चुना काही आठवड्यांत मऊ भुगा होतो, तो याच कारणाने. तोच चुना घट्ट डब्यात एक महिना आणि उघड्या वाटीत एक महिना ठेवून पुन्हा मोजा. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी ज्वालामुखीच्या प्रतिकृतीपेक्षा हा प्रयोग मी केव्हाही निवडेन. घराला चुना लावणाऱ्या माणसाला त्याचा खरा उपयोग आहे.

ही उष्णता चुन्यात आली कुठून, हेही कळलं पाहिजे. चुनखडी म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. भट्टीत नऊशे अंशांच्या आसपास तापवली की कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. त्याला मोलमागे सुमारे १७८ किलोज्यूल खर्च येतो. भट्टीवाल्याने लाकूड-कोळसा जाळून घातलेल्या त्या ऊर्जेतला एक भाग तुमच्या कपात परत मिळाला. उरलेला भाग चुना भिंतीवर वाळताना हवेतला कार्बन डायऑक्साइड परत घेतो तेव्हा, इतका सावकाश सुटतो की हाताला कळत नाही.

गणपतीच्या मूर्तीसाठी प्लास्टर ऑफ पॅरिस साच्यात ओतलं की साचा कोमट होतो, तिथेही पाणी जुळल्यानेच उष्णता सुटते. मोठा गोळा फार तापतो, म्हणून त्यात हात बुडवून ठसा घ्यायचा प्रकार मुलांना करू देऊ नका.

पायरी ६: दोन वाटांनी एकाच ठिकाणी

जिनिव्हात जन्मलेले आणि सेंट पीटर्सबर्गला काम करणारे जर्मेन हेस यांनी १८४० साली मांडलेला नियम असा: अभिक्रिया एका टप्प्यात होवो की अनेक, एकूण उष्णता तेवढीच. बेळगावहून पणजीला चोर्ला घाटाने जा की खानापूर-लोंढ्यावरून अनमोड घाटाने, वळणं वेगळी, अंतर वेगळं, पण एकूण उतरलेली उंची तीच. हेसचा नियम हा असा उंचीचा हिशेब आहे.

तो कपात तपासता येतो. यासाठी शक्य तितका ताजा चुना हवा. पहिली वाट: १.४ ग्रॅम कळीचा चुना १०० मिली पाण्यात, तापमानवाढ लिहा. मग दुसऱ्या कपात १०० मिली व्हिनेगर घेऊन त्यात १.८५ ग्रॅम विझवलेला, कोरडा चुना घाला, वाढ लिहा. १.४ ग्रॅम कळीचा चुना विझला की १.८५ ग्रॅमच होतो, म्हणून हा आकडा. दुसरी वाट: १०० मिली व्हिनेगरमध्ये थेट १.४ ग्रॅम कळीचा चुना. शुद्ध माल असेल तर वाढी साधारण साडेतीन, सात आणि साडेदहा अंशांच्या आसपास यायला हव्यात. पहिल्या दोनांची बेरीज तिसरीएवढी. तुमचा चुना कमी प्रतीचा असेल तर आकडे कमी येतील आणि बेरीजही ढोबळच जुळेल. ४ टक्के व्हिनेगर एवढ्या चुन्याला पुरून उरतं, त्यामुळे चुन्याचं प्रमाण मात्र वाढवू नका.

व्हिनेगरमध्ये चुना घातल्यावर बुडबुडे आले तर त्यात कार्बोनेट आहे असं समजा. तो चुना शिळा आहे किंवा भट्टीत नीट भाजलेला नाही.

हाच नियम वापरून प्रयोग न करताही उष्णता काढता येते, आणि काही प्रयोग कधीच करायचे नसतात. रेल्वेचे रूळ जोडताना ॲल्युमिनियमची पूड आणि आयर्न ऑक्साइड यांचं मिश्रण, म्हणजे थर्माइट, पेटवतात. त्यातून वितळलेलं लोखंड निघून सांध्यात उतरतं. मूलद्रव्यांपासून ॲल्युमिनियम ऑक्साइड बनताना मोलमागे सुमारे १६७६ किलोज्यूल सुटतात, आयर्न ऑक्साइड बनताना ८२४. वजाबाकी ८५२. ही थर्माइटची उष्णता, कागदावर काढलेली. उद्यमबागेतल्या फाउंड्रीत कास्टिंगच्या रायझरवर (साच्यातल्या जादा धातूच्या खांबावर) जी एक्झोथर्मिक पावडर टाकतात किंवा त्याच्याभोवती स्लीव्ह, म्हणजे तसलंच वेष्टन, बसवतात, तिच्यातही बहुधा ॲल्युमिनियमची हीच करामत असते. वरचा धातू जास्त वेळ पातळ राहावा आणि आकसणाऱ्या कास्टिंगला पुरावा, एवढ्यासाठी. घरात हे करून बघायचं नाही, फाउंड्रीत ओळख काढून लांबून बघायचं. हिंडाल्कोच्या बेळगावच्या कारखान्यात बॉक्साइटपासून जे ॲल्युमिना तयार होतं, ते म्हणजे हेच ॲल्युमिनियम ऑक्साइड. त्याच्यातून धातू वेगळा काढायला एवढी वीज का लागते, हे १६७६ या आकड्याकडे बघितलं की समजतं.

पायरी ७: जळण, आणि गुऱ्हाळाचा हिशेब

आधी मेणबत्ती. रिकाम्या पत्र्याच्या डब्यात २०० ग्रॅम पाणी घ्या, खाली मेणबत्ती लावा, पाणी २० अंशांनी तापेपर्यंत जळू द्या. मेणबत्तीचं आधीचं आणि नंतरचं वजन घ्या. पाण्याने घेतलेली उष्णता २०० × ४.१८ × २० = १६,७२० ज्यूल. जळालेल्या मेणाच्या ग्रॅमने भागा. मेणात ग्रॅममागे चाळीस किलोज्यूलच्या वर ऊर्जा असते, तुमच्या हाती त्याच्या निम्मीही लागणार नाही. बाकीची हवेत, डब्याच्या कडांवरून आणि काजळीत गेली. चुलीची कार्यक्षमता म्हणतात ती हीच.

आता हंगामात गुऱ्हाळावर जा आणि हाच हिशेब मोठ्या मापाने करा. १०० किलो रस धरू, त्यात साखर आणि इतर विरघळलेले पदार्थ साधारण २० किलो. गूळ व्हायचा तर जवळपास ८० किलो पाणी उडवावं लागणार. १ किलो पाण्याची वाफ करायला २२६० किलोज्यूल, म्हणजे ८० किलोला १८१ मेगाज्यूल. शिवाय १०० किलो रस उकळीला आणायला साधारण २८ मेगाज्यूल. एकूण २०९ मेगाज्यूल काहिलीत, म्हणजे रस आटवायच्या मोठ्या कढईत, गेले पाहिजेत. शेवटी पाक एकशे अठरा-वीस अंशांवर येतो तेव्हा गुळव्या, म्हणजे गूळ करणारा कारागीर, तो उतरवतो. तापमापक न वापरता, पाकाची गोळी पाण्यात टाकून, तो ही वेळ ओळखतो. तुमचा तापमापक ११० पर्यंतच आहे, काहिलीत घालू नका.

ही उष्णता द्यायची चिपाडाने, म्हणजे रस काढून उरलेल्या उसाच्या चोथ्याने. १०० किलो रस निघायला चरकात १६० किलोच्या आसपास ऊस जातो, आणि साठ किलो ओलं चिपाड उरतं. त्यात निम्मं पाणी. उन्हात वाळवून ३२ किलोवर आलं की किलोमागे साधारण १५ मेगाज्यूल मिळतात, म्हणजे एकूण ४८० मेगाज्यूल. गरज २०९ ची. चुलवाणाने, म्हणजे काहिलीखालच्या भट्टीने, जळणातली ४३-४४ टक्के उष्णता काहिलीला दिली तर उसाच्याच चिपाडावर त्याचा गूळ होतो. त्याहून कमी दिली तर जळव्याला, म्हणजे चुलवाणात जळण घालणाऱ्याला, लाकूड किंवा दुसरं काही आणून घालावं लागतं. कुठल्याही गुऱ्हाळावर चिपाड उरतं की जळण विकत आणावं लागतं, एवढं विचारलंत तरी ते चुलवाण ४४ टक्क्यांच्या वर आहे की खाली, ते कळतं.

तेच चिपाड ओलं जाळलं तर? अर्ध्या पाण्याच्या एका किलो चिपाडातून साडेसात मेगाज्यूलच्या आसपासच हाती येतात. त्यात जळणारा भाग अर्धाच, आणि त्याच्या उष्णतेतून बरोबरच्या पाण्याची वाफ करायची. त्यातून ज्वाला थंड पडते, धूर होतो, आणि न जळालेला वायू धुराड्यातून निघून जातो, तो तोटा वेगळाच.

हे तपासायला वजनकाटा पुरतो. गुऱ्हाळावरच्या ताज्या चिपाडातलं १०० ग्रॅम आणि जळव्या चुलवाणात घालतोय त्यातलं १०० ग्रॅम, अशा दोन पिशव्या घरी आणा. दोन्ही वेगवेगळ्या ताटांत पसरून कडक उन्हात वाळवा, वजन उतरायचं थांबेपर्यंत रोज संध्याकाळी मोजा. जेवढे ग्रॅम कमी झाले तेवढे टक्के पाणी त्यात होतं, उन्हाने न जाणारा थोडा अंश सोडून. दुसऱ्या ताटात १५ ग्रॅमपेक्षा जास्त घट आली तर तो आकडा घेऊन पुन्हा गुऱ्हाळावर जा आणि मालकाला दाखवा. चिपाड आणखी दोन दिवस उन्हात राहिलं तर किती लाकूड वाचेल, हे आता तुम्ही त्यांना काढून देऊ शकता.